चौघांच्या टीममध्ये सात नावं: गिटचा अहवाल काढताना

समजा, सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्यांची नोंद ठेवणारं अ‍ॅप विश्रामबागेतल्या एका छोट्या ऑफिसात बनतंय. कोड लिहिणारे चौघं. साहेबांना अहवाल हवाय: कोणी किती काम केलं, कुठल्या महिन्यात किती. रिपॉझिटरी (कोड आणि त्याचा सगळा इतिहास) गिटमध्ये, म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनात, असली की एका आज्ञेत यादी हजर: 'गिट शॉर्टलॉग -एस -एन -ई --नो-मर्जेस हेड'. (आज्ञा इथे देवनागरीत दिल्यात, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायच्या.) 'एस' म्हणजे नुसती संख्या, 'एन' म्हणजे जास्त कमिटवाला वर (कमिट म्हणजे इतिहासातली एकेक नोंद), 'ई' म्हणजे ईमेलसकट, 'नो-मर्जेस' म्हणजे शाखा जोडणाऱ्या कमिट वगळून, आणि 'हेड' म्हणजे सध्याच्या शाखेच्या शेवटच्या कमिटपासून मागे. आणि यादीत निघतात सात जण.

गिट माणसं ओळखत नाही. त्या-त्या मशीनवर जे नाव आणि ईमेल सेट असेल, तेच कमिटमध्ये कायमचं बसतं. स्नेहलच्या ऑफिस लॅपटॉपवर पूर्ण नाव, घरी नुसतं 'स्नेहल', आणि ब्राउझरमधून केलेल्या दुरुस्तीवर तिसराच ईमेल. झाल्या तिच्या तीन ओळी. यासाठी रिपॉझिटरीच्या मूळ फोल्डरमध्ये '.मेलमॅप' नावाची फाइल ठेवायची. प्रत्येक ओळीत खरं नाव, त्रिकोनी कंसात खरा ईमेल, पुढे तसाच कंसात जुना ईमेल. इतिहासाला धक्का लागत नाही, फक्त मोजणी जुळते. स्वतःची स्क्रिप्ट लिहीत असाल तर फॉरमॅटमध्ये '%ए' पुढचा 'एन' कॅपिटल हवा. लहान 'एन' मेलमॅपकडे बघतच नाही.

वरच्या आज्ञेतलं 'हेड' शोभेचं नाही. तेच काम क्रॉनवर (ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणारी सोय) रात्री लावलं आणि 'हेड' गाळलं, तर समोर टर्मिनल नसल्यामुळे शॉर्टलॉग इनपुटमधून लॉग वाचायला बघतो आणि सकाळी अहवाल कोरा मिळतो. सर्व्हरवरची आणखी एक खोड म्हणजे '--डेप्थ १' ने घेतलेली उथळ प्रत. तिच्यात एकच कमिट असते, आणि सगळ्या प्रोजेक्टच्या ओळी शेवटच्या माणसाच्या नावावर चढतात. आधी 'गिट फेच --अनशॅलो' करावं.

ओळींचे आकडे 'गिट लॉग --नमस्टॅट' देतो: वाढलेल्या, गेलेल्या, फाइलचं नाव. पण हे आकडे गिटने कुठे लिहून ठेवलेले नसतात. प्रत्येक कमिटमध्ये त्या क्षणाची संपूर्ण स्थिती असते. फरक आपण विचारतो तेव्हा काढला जातो. म्हणूनच कोणी विंडोजच्या एडिटरमध्ये फाइल उघडून सेव्ह केली आणि ओळींची शेवटची खूण बदलली, की ८०० ओळींच्या फाइलमध्ये ८०० गेल्या, ८०० आल्या असं दिसतं. '-डब्ल्यू' (मोकळ्या जागेचे फरक धरू नकोस) लावलं की हा फुगवटा उतरतो. पॅकेजच्या लॉक फाइली (कुठल्या पॅकेजची कुठली आवृत्ती वापरली त्याची नोंद) आपोआप तयार होतात, त्या वगळाव्यात. फोटोंपुढे आकड्याऐवजी '-' येतो. पायथनमध्ये त्याचा थेट पूर्णांक करायला गेलात तर स्क्रिप्ट तिथेच आडवी.

आपल्याकडची खास अडचण फाइलच्या नावांची. 'हळद' नावाची फाइल अहवालात "\३४०\२४४\२७१\३४०\२४४\२६३\३४०\२४४\२४६" अशी उमटते (आकडे अर्थात इंग्रजी). तीन अक्षरं, प्रत्येकी तीन बाइट, सगळे अष्टमान पद्धतीत. 'कोअर.कोटपाथ' ही सेटिंग 'फॉल्स' केली की नाव सरळ दिसतं.

तारखांचंही तसंच. कमिटला दोन तारखा असतात, लिहिल्याची आणि नोंदल्याची; '--सिन्स' दुसरी बघतो, त्यामुळे रीबेस केलेलं, म्हणजे नव्या पायावर पुन्हा नोंदवलेलं, मागच्या महिन्याचं काम या महिन्यात मोजलं जातं. शिवाय मशीन यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ) असेल तर सकाळी १० ची कमिट पहाटे ४:३० ची दिसते.

आलेखांसकट एचटीएमएल पानं हवी असतील तर 'गिटस्टॅट्स' आहे. त्याला आलेख काढणारं ग्नूप्लॉट लागतं आणि त्याची मूळ आवृत्ती पायथन २ ची आहे. मेलमॅप मात्र आधी नीट करावा, नाहीतर चुकाच रंगीत होतात.

कमिट मोजून पगारवाढ ठरवणं हा शुद्ध वेडेपणा. पंधरा कमिट स्क्वॅश केल्या, म्हणजे एकात मिसळल्या, की एक उरते, काम तेवढंच. कामाचा अहवाल वेगळाच: 'गिट लॉग --फॉरमॅट= --नेम-ओन्ली', पुढे 'सॉर्ट', 'युनिक -सी' आणि 'सॉर्ट -आरएन'. कुठल्या फाइलला किती वेळा हात लागला ते कळतं. अडत, हमाली, तोलाई कापणारी फाइल सगळ्यात वर आली, तर उघडून बघा. बहुतेक दर कोडमध्येच लिहिलेले असतील. ते डेटाबेसच्या तक्त्यात हलवायचे.