चाळ पाडली, पत्ता बदलला: मतदार यादीतलं नाव नव्या घरी कसं न्यायचं

आमची लालबागची चाळ पुनर्विकासासाठी रिकामी झाली आणि बिऱ्हाडं पांगली. कोणी डोंबिवलीला गेलं, कोणी विरारला, दोन-तीन घरं शेजारच्या गल्लीतच भाड्याने राहिली. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान होतं. माझे वडील सकाळीच डोंबिवलीहून लोकल पकडून जुन्या केंद्रावर पोहोचले. खिशात मतदार ओळखपत्र होतं, पण यादीत नाव नव्हतं. मत न देताच परत आले. त्यानंतर चाळीतल्या घरोघरची नावं तपासायला मी बसलो. त्यातून जे नीट कळलं ते इथे लिहितोय, कारण मुंबईत आज आमच्यासारखी हजारो कुटुंबं आहेत.

कार्ड जवळ आहे म्हणजे मत आहे, हा समज आधी मनातून काढा. मत देता येतं ते यादीत नाव असेल तरच. उलट नाव यादीत असेल आणि कार्ड हरवलं असेल, तर आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना, फोटो असलेलं बँक किंवा पोस्टाचं पासबुक अशा आयोगाने मान्य केलेल्या ओळखपत्रांपैकी कुठलंही एक चालतं. त्यामुळे आजच निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर नाव शोधा. ओळखपत्र क्रमांक टाकून शोधणं सर्वांत खात्रीचं. त्याने नाही सापडलं तर नाव, वय आणि मतदारसंघ टाकून पाहा. सापडलं की विधानसभा मतदारसंघ, यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहून ठेवा. इंटरनेट जमत नसेल तर १९५० या हेल्पलाइनवर फोन करा.

नाव पहिल्यांदाच नोंदवायचं असेल तर

त्यासाठी नमुना ६ आहे. अर्जदार भारतीय नागरिक हवा, वय १८ पूर्ण हवं आणि तो त्या मतदारसंघात सर्वसाधारणपणे राहणारा हवा. पूर्वी १ जानेवारी हीच तारीख धरत. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर असे चार अर्हता दिनांक, म्हणजे वय १८ पूर्ण झालं का हे पाहण्याच्या तारखा, आहेत, आणि १७ पूर्ण झालेली मुलं आगाऊ अर्ज करून ठेवू शकतात. बारावीला असलेल्या मुलांच्या घरी हे जरूर सांगा.

कागदपत्रं फार लागत नाहीत. पांढऱ्या पार्श्वभूमीचा रंगीत पासपोर्ट आकाराचा फोटो, वयाचा एक पुरावा आणि पत्त्याचा एक पुरावा. वयासाठी जन्मदाखला, दहावी-बारावीचं जन्मतारीख असलेलं प्रमाणपत्र, आधार, पॅन, पासपोर्ट किंवा वाहन परवाना. पत्त्यासाठी वीज, पाणी किंवा गॅसचं बिल, आधार, बँकेचं चालू पासबुक, पासपोर्ट, घराचा नोंदणीकृत विक्री करार किंवा भाडेकरूंसाठी नोंदणीकृत भाडेकरार. पुरावा आई-वडिलांच्या किंवा नवरा-बायकोच्या नावाचा असला तरी चालतो. वसतिगृहातल्या विद्यार्थ्याला घरच्या किंवा वसतिगृहाच्या, कुठल्याही एका पत्त्यावर नाव नोंदवता येतं. वसतिगृहाचा पत्ता निवडला तर संस्थेच्या प्रमुखाचं प्रमाणपत्र लागतं.

ज्याला घरच नाही, त्याचाही हक्क तेवढाच आहे. फुटपाथवर झोपणाऱ्याकडून पत्त्याचा कागद मागायचा नसतो. त्याने सांगितलेल्या जागी बीएलओ, म्हणजे केंद्रस्तरीय अधिकारी, रात्री एकाहून जास्त वेळा जाऊन तो तिथेच झोपतो ना, हे पाहतो आणि त्यावर नोंद होते. हा नियम फार थोड्यांना माहीत आहे.

घर बदललं असेल तर नमुना ८, पुन्हा नमुना ६ नव्हे

इथेच आपल्याकडे सर्वाधिक घोळ होतो. नव्या जागी गेल्यावर लोक ‘नवीन नोंदणी’ म्हणून नमुना ६ भरतात. त्यात एक प्रतिज्ञापन असतं, की माझं नाव दुसऱ्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत नाही. जुनं नाव तसंच असताना त्यावर सही करणं म्हणजे खोटं निवेदन, आणि त्यासाठी कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहे. हेतू वाईट नसला तरी हा धोका कशाला पत्करायचा?

नमुना ८ मध्ये चार गोष्टी होतात: राहण्याचा पत्ता बदलणं, नोंदीतली चूक दुरुस्त करणं, हरवलेल्या कार्डाच्या जागी दुसरं मागणं आणि दिव्यांग मतदार म्हणून नोंद करणं. पत्ता बदलताना तो त्याच विधानसभा मतदारसंघात आहे की बाहेर, हे विचारतात. लालबाग शिवडी मतदारसंघात येतं. शेजारच्या गल्लीत गेलेल्यांसाठी उत्तर ‘आत’, डोंबिवलीला गेलेल्या आम्हा लोकांसाठी ‘बाहेर’. अर्ज मंजूर झाला की नाव नव्या यादीत येतं आणि जुन्या यादीतून निघतं. ओळखपत्राचा क्रमांक मात्र तोच राहतो.

पत्त्याचा पुरावा म्हणून बहुतेकांकडे लीव्ह अँड लायसन्सचा करार असतो. तो नोंदवलेलाच हवा. नुसत्या स्टॅम्प पेपरवरचा चालणार नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे असा करार नोंदवणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. मालक टाळत असेल तर हे त्याला शांतपणे दाखवा.

‘आम्ही तर परत येणारच आहोत, नाव का हलवायचं?’ हा प्रश्न मला चाळीतल्या जवळजवळ प्रत्येकाने विचारला. प्रश्न रास्त आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० च्या कलम २० प्रमाणे तात्पुरतं बाहेर राहिल्याने कोणाचं वास्तव्य संपत नाही. पण त्याच कलमात हेही आहे, की एखाद्या जागी नुसतं घर मालकीचं असलं म्हणून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. प्रत्यक्षात बीएलओ पत्त्यावर येतो तेव्हा तिथे पत्र्याचं कुंपण आणि खोदलेला खड्डा असतो. ‘स्थलांतरित’ असा शेरा बसू शकतो. नाव काढण्याआधी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, पण पाडलेल्या पत्त्यावरची नोटीस कोणाच्या हाती पडणार? म्हणून माझं स्पष्ट मत: वर्षानुवर्षं दुसरीकडे राहायचं असेल तर नमुना ८ भरून नाव हलवा.

लग्नानंतर माहेरच्या यादीतच राहिलेल्या बायकांनाही हाच नमुना. नाव बदललं असेल तर दुरुस्तीसाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्रासारखा पुरावा जोडा. नाव बदललं नसेल तर फक्त पत्ता बदला.

अर्ज ऑनलाइन भरताना इंग्रजी नावावरून मराठी नाव आपोआप उमटतं. काळेंचं ‘काले’ होतं, साळवींचं ‘सालवी’. सादर करण्यापूर्वी मराठी रकाना अक्षर न् अक्षर वाचून दुरुस्त करा. अर्ज गेला की संदर्भ क्रमांक येतो, तो जपून ठेवा; त्यावरून अर्ज कुठवर पोहोचला ते दिसतं. बीएलओ घरी येऊन खात्री करतो, तेव्हा कोणीतरी घरात असू द्या किंवा शेजाऱ्यांना कल्पना द्या. अर्ज नाकारला गेला तर १५ दिवसांत जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, आणि त्यापुढे ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे.

वेळ केव्हा संपते

उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की मतदान होईपर्यंत यादीत नवं नाव घेत नाहीत. त्याआधीही हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात. २०२४ च्या विधानसभेचा कार्यक्रम १५ ऑक्टोबरला जाहीर झाला आणि उमेदवारीची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर होती. म्हणजे घोषणेनंतर जागं झालेल्याच्या हाती जेमतेम काही दिवस उरले. याद्यांची खास फेरतपासणी सुरू असेल तर त्या वेळचे अर्ज, कागदपत्रं आणि मुदती वेगळ्या असू शकतात. तो आदेश वाचूनच अर्ज करा.

लोकसभा आणि विधानसभेला एकच यादी असते. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, पण मुंबईच्या २२७ प्रभागांच्या याद्याही विधानसभेच्या याद्यांवरूनच तयार होतात. तिथे नाव नसलं तर नगरसेवकासाठीही मत नाही.

घरात ८५ वर्षांवरचं कोणी असेल किंवा ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असेल, तर लोकसभा-विधानसभेला घरूनच मतदान करता येतं. त्यासाठी नमुना १२ड हा अर्ज निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो.

वडिलांचं नाव आता डोंबिवलीच्या यादीत आहे. लालबागच्या घराचा ताबा मिळाला की पुन्हा हाच नमुना ८ भरायचा आहे, फक्त पत्त्याचा पुरावा तेव्हा नव्या खोलीच्या वीजबिलाचा असेल.