नॉर्वेतील फुटबॉल हंगाम, २०२०

नॉर्वेतील फुटबॉल हंगाम, २०२० : नॉर्वेजियन फुटबॉल महासंघाच्या अखत्यारीतील पुरुष व महिला साखळी स्पर्धा, चषक स्पर्धा आणि राष्ट्रीय संघांचे सामने यांचे एका कॅलेंडर वर्षातील चक्र. कोविड-१९च्या साथीमुळे हा हंगाम अडीच महिन्यांच्या विलंबाने सुरू झाला आणि पुरुषांच्या बाबतीत थेट नाताळच्या तोंडावर संपला. पुरुषांची सर्वोच्च साखळी एलिटेसेरिएन ही बोडो/ग्लिम्ट या उत्तर नॉर्वेतील संघाने, तर महिलांची टॉपसेरिएन ही ऑस्लोच्या व्होलेरेंगाने जिंकली. दोघांचेही ते पहिलेच साखळी विजेतेपद होते. साथीच्या वर्षातील निकालांकडे अपवाद म्हणून पाहण्याची प्रवृत्ती सर्वत्र दिसते. या हंगामाच्या बाबतीत मात्र ती फारशी टिकत नाही.

पार्श्वभूमी : युरोपातील बहुतेक देशांत फुटबॉलचा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होऊन मे महिन्यात संपतो. नॉर्वेत कडक हिवाळ्यामुळे तो वसंतात सुरू होतो आणि शरदाच्या अखेरीस आटोपतो. त्यामुळे १२ मार्च २०२० रोजी नॉर्वे सरकारने देशव्यापी निर्बंध लागू केले तेव्हा इंग्लंड, स्पेन वा इटलीप्रमाणे अर्धवट राहिलेल्या स्पर्धेचे काय करायचे हा प्रश्न नॉर्वेपुढे नव्हता. सुरूच न झालेली स्पर्धा उरलेल्या दिवसांत कशी बसवायची, हा होता. तिकीटविक्री आटली, अनेक क्लबांनी खेळाडूंना व कर्मचाऱ्यांना तात्पुरत्या बिनपगारी रजेवर पाठवले आणि सराव छोट्या गटांत, एकमेकांपासून अंतर राखून करावा लागला. मे महिन्यात सरकारची परवानगी मिळाल्यावर एलिटेसेरिएन १६ जूनला आणि टॉपसेरिएन जुलैच्या आरंभी सुरू झाली. सुरुवातीच्या टप्प्यात मैदानावर जास्तीत जास्त २०० प्रेक्षकांना प्रवेश होता. सामन्यातील बदली खेळाडूंची मर्यादा जगभर तीनवरून पाचवर नेण्यात आली होती. आठवड्यातून दोन-दोन सामने खेळणाऱ्या संघांना तिचा मोठाच आधार झाला.

पुरुषांच्या १६ संघांना प्रत्येकी ३० आणि महिलांच्या १० संघांना प्रत्येकी १८ सामने खेळायचे होते. चषक स्पर्धांचे भवितव्य बहुधा याच फरकाने ठरवले. पुरुषांच्या चषकाला तारखाच उरल्या नाहीत आणि तो रद्द झाला. १९०२ पासून चालत आलेल्या या स्पर्धेत असा खंड यापूर्वी केवळ १९४१ ते १९४४ या जर्मन ताब्याच्या काळात पडला होता. महिलांचा चषक मात्र अंतिम सामन्यापर्यंत खेळला गेला. खालच्या श्रेणींना सर्वांत मोठी झळ बसली. पुरुषांच्या चौथ्या स्तरावरील ‘तिसरी डिव्हिजन’ आणि तिच्या खालच्या प्रौढ स्पर्धा त्या वर्षी होऊच शकल्या नाहीत.

एलिटेसेरिएन : बोडो हे सुमारे ५० हजार वस्तीचे बंदराचे शहर आर्क्टिक वृत्ताच्या किंचित उत्तरेला आहे. तेथील ग्लिम्ट या क्लबची स्थापना १९१६ची. परंतु उत्तर नॉर्वेतील संघांना राष्ट्रीय चषकात १९६३ पर्यंत आणि सर्वोच्च साखळीच्या मार्गावर १९७२ पर्यंत प्रवेशच नव्हता. लांबचा प्रवास आणि उत्तरेकडील खेळाचा दर्जा ही त्यामागची अधिकृत कारणे असली, तरी उत्तरेत तो अन्याय म्हणूनच लक्षात राहिला. ग्लिम्टने १९७५ आणि १९९३ मध्ये चषक जिंकला, पण साखळीचे विजेतेपद उत्तरेकडील कोणत्याही संघाला कधी मिळाले नव्हते. २०१६ मध्ये ग्लिम्ट दुसऱ्या श्रेणीत घसरला, पुढच्याच वर्षी परतला, २०१८ मध्ये तळाच्या अर्ध्या भागात राहिला आणि २०१९ मध्ये मोल्देच्या मागोमाग एकदम दुसरा आला. त्या दुसऱ्या क्रमांकाकडे पुष्कळांनी योगायोग म्हणून पाहिले होते.

२०२० मध्ये या संघाने ३० पैकी २६ सामने जिंकले, ३ बरोबरीत सोडवले आणि केवळ १ गमावला. ८१ गुण आणि १०३ गोल हे दोन्ही साखळीच्या इतिहासातील उच्चांक ठरले. गुणांचा आधीचा उच्चांक मोल्देने २०१४ मध्ये मिळवलेल्या ७१ गुणांचा होता. दुसऱ्या आलेल्या मोल्देचे ६२ गुण पाहता, एरवीच्या एखाद्या वर्षी त्या संघाला अखेरपर्यंत शर्यतीत राहता आले असते. येथे १९ गुणांचे अंतर पडले. २२ नोव्हेंबर रोजी ड्रामेन येथे स्ट्रॉम्सगोडसेटवर २–१ असा विजय मिळवून ग्लिम्टने विजेतेपद निश्चित केले, तेव्हा स्पर्धा संपायला अजून एक महिना बाकी होता. रिकाम्या मैदानांमुळे परक्या मैदानावर खेळण्याचा तोटा कमी झाला आणि ग्लिम्टला त्याचा फायदा मिळाला, असे म्हणता येते. पण ती सवलत उरलेल्या पंधरा संघांनाही मिळालीच होती.

या यशामागे प्रशिक्षक क्येतिल क्नुत्सेन यांची पद्धत होती. ४-३-३ ही रचना (चार बचावपटू, तीन मध्यरक्षक, तीन आघाडीपटू), चेंडू गमावताच प्रतिस्पर्ध्यावर त्याच्याच भागात चढाई, आणि चेंडू मिळताच थोडक्या पासांत गोलपर्यंत पोचण्याचा आग्रह ही तिची सूत्रे होती. आस्पमिरा या घरच्या मैदानावरील कृत्रिम हिरवळीवर चेंडू वेगाने व सरळ धावतो. ही वेगवान शैली त्या पृष्ठभागावर अधिकच धारदार होई. संघाच्या मानसिक तयारीसाठी क्लबने २०१७ पासून ब्यॉर्न मान्सवेर्क या लढाऊ विमानाच्या माजी वैमानिकाला नेमले होते. बोडोत हवाई दलाचा मोठा तळ अनेक दशके होता, हे लक्षात घेता ही नेमणूक वरकरणी वाटते तितकी विचित्र नाही. निकालापेक्षा कामगिरीकडे लक्ष द्यावे आणि दडपणाबद्दल खेळाडूंनी एकमेकांशी उघड बोलावे, यावर त्यांचा भर होता.

संघाचा गाभा उत्तरेकडील खेळाडूंचा होता. मधल्या फळीतील पॅट्रिक बेर्ग हा बोडोतील प्रसिद्ध फुटबॉल घराण्याच्या तिसऱ्या पिढीतील. त्याचे आजोबा हाराल्ड बेर्ग १९७५च्या चषकविजेत्या संघात होते. बचावपटू फ्रेडरिक ब्यॉर्कन आणि डाव्या बाजूने खेळणारा येन्स पेटर हाउगे हेही बोडोचेच. त्यांना जोड मिळाली ती कास्पेर युंकर आणि फिलिप झिंकेरनागेल या दोन डॅनिश आघाडीपटूंची. युंकरने २७ गोल करून साखळीत पहिला क्रमांक पटकावला.

२४ सप्टेंबर रोजी मिलानमध्ये युरोपा लीग या युरोपीय क्लबांच्या दुसऱ्या दर्जाच्या स्पर्धेच्या पात्रता फेरीचा सामना झाला. वेळेअभावी त्या वर्षी या फेऱ्या परतीच्या सामन्याविना, एकाच लढतीत निकाली काढल्या जात होत्या. युंकरने ए. सी. मिलानविरुद्ध ग्लिम्टला आघाडी मिळवून दिली; मग मिलानने तीन गोल केले; उत्तरार्धात हाउगेने दूरवरून मारलेल्या जोरदार फटक्यावर फरक पुन्हा एकाच गोलचा केला. सामना ३–२ असा हातचा गेला, पण आठवडाभरात मिलानने हाउगेला विकत घेतले. हंगामाच्या मध्यावर असा खेळाडू गेल्यावर गती मंदावेल अशी अपेक्षा होती. तसे झाले नाही. हाउगे गेल्यानंतरही संघाची चाल तीच राहिल्याने यशाचे श्रेय पद्धतीकडे अधिक जाते, असे म्हणायला जागा आहे.

उर्वरित क्रमवारीत व्होलेरेंगा तिसरा आणि रोसेनबोर्ग चौथा आला. १९९२ ते २००४ या काळात सलग तेरा वेळा साखळी जिंकणाऱ्या रोसेनबोर्गने हंगाम सुरू होऊन दोन आठवडे होण्याआधीच प्रशिक्षक आयरिक होर्नेलान्द यांना निरोप दिला; पुढे ओगे हारेइदे यांनी सूत्रे घेतली. मोल्देने साखळीत गमावलेले युरोपात काही प्रमाणात भरून काढले : चॅम्पियन्स लीग या युरोपीय क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेचे दार हंगेरीच्या फेरेन्त्सवारोशविरुद्ध केवळ परक्या मैदानावरील गोलांच्या नियमामुळे (एकूण बरोबरी झाल्यास परक्या मैदानावर अधिक गोल करणारा संघ पुढे) बंद झाले, मात्र युरोपा लीगच्या गटात आर्सेनलपाठोपाठ दुसरे स्थान मिळवून हा संघ बाद फेरीत पोचला. तळाला ओलेसुंदची अवस्था बिकट होती. ३० सामन्यांत अवघे ११ गुण मिळवून तो खालच्या श्रेणीत गेला. त्याच्यासोबत स्टार्ट हा संघही घसरला, तर म्योंडालेनने सोग्नडालविरुद्धची पात्रता लढत जिंकून स्थान राखले. दुसऱ्या श्रेणीतून ट्रोम्सो आणि लिलेस्ट्रॉम हे आदल्याच वर्षी घसरलेले दोन जुने संघ एका वर्षात वर परतले.

टॉपसेरिएन : महिलांच्या साखळीवर २०१४ ते २०१९ या सलग सहा वर्षांत लिलेस्ट्रॉमजवळील एल. एस. के. क्विनर या संघाचे निर्विवाद वर्चस्व होते. २०२० मध्ये ते संपले. या बदलाची बीजे साथीच्या आधीच पडली होती आणि त्यांचे स्वरूप संस्थात्मक होते. पुरुष संघांच्या बलाढ्य क्लबांनी महिला फुटबॉलमध्ये पैसा, मैदाने व प्रशिक्षक गुंतवायला सुरुवात केली होती. ट्रोंडहाइममधील ट्रोंडहाइम्स-ओर्न हा १९७२ मध्ये स्थापन झालेला, सात वेळा साखळी जिंकलेला स्वतंत्र महिला क्लब याच वर्षी रोसेनबोर्गच्या छत्राखाली आला आणि रोसेनबोर्ग क्विनर या नावाने खेळू लागला. ऑस्लोत व्होलेरेंगाने पुरुष व महिला संघांना एकाच छपराखाली, २०१७ मध्ये उघडलेल्या नव्या मैदानावर सोयी दिल्या होत्या. नाव आणि स्वायत्तता गमावण्याची खंत जुन्या क्लबांच्या कार्यकर्त्यांना वाटणे स्वाभाविक होते. परंतु त्या वर्षी विजेतेपदासाठी अखेरपर्यंत झुंजले ते हेच दोन संघ.

ही झुंज पुरुषांच्या एकतर्फी शर्यतीच्या अगदी उलट होती. १८ सामन्यांच्या छोट्या स्पर्धेत एखादी बरोबरीदेखील महाग पडते. ६ डिसेंबरला शेवटची फेरी संपली तेव्हा व्होलेरेंगा आणि रोसेनबोर्ग यांचे गुण सारखेच होते आणि विजेतेपद गोलफरकावर व्होलेरेंगाकडे गेले. डॅनिश प्रशिक्षक जॅक मायगॉर्ड येन्सेन यांच्या या संघात नेदरलँड्सची अनुभवी मध्यरक्षक शेरिडा स्पित्से, कॅमेरूनची आघाडीपटू अजारा न्शू न्जोया आणि नॉर्वेची तरुण विंगर सेलिन बिझे इल्दहुसोय या होत्या. काही दिवसांनी चषकाच्या अंतिम सामन्यात व्होलेरेंगाने एल. एस. के.चाच पाडाव करून दुहेरी मुकुट मिळवला. आदल्या वर्षीच्या अंतिम सामन्यात याच प्रतिस्पर्ध्याने त्यांना ५–१ असे धुऊन काढले होते.

राष्ट्रीय संघ : पुरुषांच्या राष्ट्रीय संघाकडून २०२० मध्ये फार मोठ्या अपेक्षा होत्या. अर्लिंग हॉलंड जानेवारीत बोरुसिया डॉर्टमुंडमध्ये दाखल होऊन गोलांचा धडाका लावत होता, मार्टिन ओडेगार्डने स्पेनमध्ये नाव कमावले होते आणि अलेक्झांडर सोर्लोथ तुर्कस्तानच्या साखळीत सर्वाधिक गोल करणारा ठरला होता. युरो २००० नंतर नॉर्वे कोणत्याही मोठ्या स्पर्धेत पोचला नव्हता. मार्चमध्ये ठरलेला युरो (युरोपीय राष्ट्रांची अजिंक्यपद स्पर्धा) पात्रतेचा सर्बियाविरुद्धचा उपांत्य सामना साथीमुळे ८ ऑक्टोबरवर गेला. दरम्यान नेशन्स लीग या युरोपीय राष्ट्रीय संघांच्या गटवार स्पर्धेत अर्लिंग हॉलंडने ऑस्ट्रियाविरुद्ध पहिला आंतरराष्ट्रीय गोल केला आणि उत्तर आयर्लंडला त्यांच्याच मैदानावर ५–१ असे हरवले गेले. पण युरो पात्रतेच्या त्या सामन्यात ऑस्लोच्या उलेवोल मैदानावर सर्बियाने नॉर्वेला अतिरिक्त वेळेत २–१ असे हरवले. सर्बियाचे दोन्ही गोल सेर्गेई मिलिन्कोविच-साविच याचे होते. तीनच दिवसांनी नेशन्स लीगमध्ये हॉलंडने रुमानियाविरुद्ध तीन गोल केले आणि नॉर्वेने ४–० असा विजय मिळवला, पण त्याने कोणाचेच समाधान झाले नाही.

नोव्हेंबरमधील घडामोडी या हंगामातील सर्वांत विलक्षण म्हणाव्या लागतील. ओमर एलाब्देल्लावी हा खेळाडू कोविडबाधित आढळल्यावर नॉर्वेच्या आरोग्य यंत्रणेने संपूर्ण संघाला रुमानियाला जाण्यास मनाई केली. नेशन्स लीगमधील तो सामना झालाच नाही आणि युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेने तो ३–० असा रुमानियाच्या नावे केला. पुढचा सामना १८ नोव्हेंबरला व्हिएन्नात ऑस्ट्रियाविरुद्ध होता आणि मूळ संघ विलगीकरणात होता. तेव्हा महासंघाने परदेशी क्लबांत खेळणाऱ्या, एरवी निवडीच्या कक्षेबाहेरच्या खेळाडूंना घाईघाईने गोळा केले आणि २१ वर्षांखालील संघाचे प्रशिक्षक लाइफ गुन्नार स्मेरुद यांच्या हाती हा संघ सोपवला. एकत्र सराव जवळजवळ नसलेल्या या संघाने दुसऱ्या सत्रात घायास झाहिदच्या गोलवर आघाडी घेतली आणि ती भरपाई वेळेपर्यंत टिकवली. ९०+४व्या मिनिटाला अद्रियान ग्रबिचने बरोबरी साधली, तेव्हा कुठे ऑस्ट्रियाचे गटातील अव्वल स्थान पक्के झाले. स्वीडिश प्रशिक्षक लार्स लागरबेक यांची जागा डिसेंबरमध्ये स्टोले सोलबाकेन यांनी घेतली.

महिला संघाने यातले काहीही नाट्य न घडवता आपले काम केले. वेल्सला सप्टेंबरमध्ये घरी आणि २७ ऑक्टोबरला कार्डिफमध्ये प्रत्येकी १–० असे हरवून मार्टिन स्योग्रेन यांच्या संघाने युरो स्पर्धेतील स्थान निश्चित केले. ती स्पर्धा साथीमुळे २०२२ वर गेली होती. नामवंत आघाडीपटू ॲडा हेगरबर्ग २०१७ पासून महासंघाशी असलेल्या मतभेदांमुळे राष्ट्रीय संघाबाहेर होती आणि जानेवारी २०२० मध्ये गुडघ्याच्या गंभीर दुखापतीमुळे क्लबच्या खेळालाही मुकली होती. कॅरोलिन ग्रॅहम हान्सेन बार्सिलोनात, तर मारेन म्येल्दे व गुरो रायतेन चेल्सीत खेळत होत्या. देशातील उत्तम महिला खेळाडू बाहेर जाण्याचा हा ओघ टॉपसेरिएनमधील क्लबांच्या एकत्रीकरणामागचे एक कारण होते.

नंतरचे पडसाद : झिंकेरनागेल वॉटफोर्डला आणि युंकर जपानच्या उरावा रेड डायमंड्सला गेला, तरीही ग्लिम्टने २०२१ मध्ये विजेतेपद राखले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आस्पमिरावर इटलीच्या रोमा या क्लबचा ६–१ असा पराभव केला. २०२३ व २०२४ मध्येही साखळी याच संघाने जिंकली. महिलांमध्ये २०२१ चे विजेतेपद बर्गेनच्या सांद्विकेन या स्वतंत्र क्लबकडे गेले. तोही २०२२ पासून ब्रान या पुरुष संघाच्या क्लबमध्ये विलीन होऊन त्याच नावाने खेळत आहे.