ड्रायरचा डक्ट लांबला की कपडे का वाळत नाहीत?

ड्रायरमध्ये कपडे उष्णतेने वाळतात, ही समजूत अर्धीच खरी आहे. उष्णता पाण्याची वाफ करते, पण ती वाफ ड्रममधून बाहेर नेते हवा. हवाच खेळती नसेल तर हीटर कितीही तापो, कपडे दमटच राहतात. म्हणून ड्रायर बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवायचा असेल, तर मशीन निवडण्याआधी डक्टचा, म्हणजे ही दमट हवा घराबाहेर नेणाऱ्या नळीचा, मार्ग ठरवावा.

पिळून काढलेल्या कपड्यांतही सहज दोन लिटर पाणी उरतं. ही सगळी वाफ जेमतेम १० सेंटीमीटर व्यासाच्या नळीतून बाहेर पडायची असते. नळी मोकळी असेल तर हवा तिच्यातून सेकंदाला ९ मीटरच्या आसपास वेगाने धावते. हाच वेग १० मीटर सरळ, गुळगुळीत नळीत टिकवायला साधारण १०० पास्कल दाब लागतो, म्हणजे एक सेंटीमीटर उंच पाण्याचा दाब. आकडा किरकोळ वाटतो, पण ड्रायरच्या छोट्या पंख्याची बरीचशी ताकद यातच खर्ची पडते.

त्यात वळणं आली की हिशेब आणखी बिघडतो. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नमुना नियमावलीत डक्टची कमाल लांबी सर्वसाधारणपणे ३५ फूट धरतात आणि काटकोनी आखूड एल्बोमागे (नळी वळवणाऱ्या जोडामागे) ५ फूट वजा करतात. असे चार एल्बो बसवले की हातात उरतात १५ फूट. तेच वळण १० इंच त्रिज्येचं, गुळगुळीत घेतलं तर वजावट दीड फुटाचीच. माझ्या मते लांब डक्टमध्ये पैसे खर्च करायचे ते इथे. उत्पादकाने स्वतःची मर्यादा दिली असेल, तर अर्थात तीच पाळायची.

खरा त्रास पुढे सुरू होतो. लांब नळीत हवा थंड होते, वाफेचं पाणी होतं आणि कपड्यांतून सुटलेले तंतू त्या ओल्या भिंतीला चिकटतात. अर्ध्या सेंटीमीटरचा थर बसला की १० सेंटीमीटरची नळी ९ ची होते. घर्षण व्यासाच्या जवळपास पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतं, त्यामुळे तेवढीच हवा ढकलायला आता सुमारे ७० टक्के जास्त दाब हवा. पंख्याकडे तो नसतो. हवा मंदावते, आणखी तंतू साचतात. इकडे हीटरजवळची हवा प्रमाणाबाहेर तापते, सुरक्षा थर्मोस्टॅट हीटर बंद-चालू करत राहतो आणि कपडे वाळायला दुप्पट वेळ लागू शकतो. हे तंतू चटकन पेट घेतात. २००८ ते २०१० या काळात अमेरिकेत घरगुती ड्रायरच्या वर्षाला सुमारे २,९०० आगी लागल्या. त्यांचं सर्वांत मोठं कारण होतं साफसफाई न करणं.

मग सरळ १५ सेंटीमीटरची नळी का टाकू नये? घर्षण खूप घटेल, हे खरं. पण हवेचा वेगही निम्म्याहून खाली येईल आणि तंतू वाटेतच खाली बसतील.

नळी धातूची, आतून गुळगुळीत आणि बाहेरच्या दिशेने किंचित उतरती असावी. जोडावर आत टोक काढणारे स्क्रू नकोत, बाहेरच्या तोंडावर जाळीही नको; दोन्हींवर तंतू अडकतात. लांबी कमी करणं शक्यच नसेल तर खास ड्रायरच्या डक्टसाठी बनवलेला बूस्टर पंखा बसवता येतो, पण त्याची सफाई करायला हात पोहोचेल अशीच जागा निवडा. किंवा डक्टच न लागणारा हीट पंप ड्रायर घ्या; तो दमट हवा थंड करून तिच्यातलं पाणी काढतो आणि तीच हवा पुन्हा तापवून वापरतो. तो वेळ जास्त घेतो, वीज मात्र बरीच वाचवतो. गॅसवरच्या ड्रायरला हा पर्याय नाही: त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, तेव्हा त्याची हवा घराबाहेरच सोडावी लागते.