बिबट्या पाल : गोव्यातील संगोपन व आजारांची ओळख

बिबट्या पाल ही यूब्लिफॅरिडी कुलातील, जमिनीवर राहणारी आणि तिन्हीसांजेनंतर हिंडणारी पाल आहे. शास्त्रीय नाव यूब्लिफॅरिस मॅक्युलॅरिअस. पाळणाऱ्यांच्या तोंडी ‘लेपर्ड गेको’ हेच नाव रुळले आहे. मूळ प्रदेश अफगाणिस्तान, पाकिस्तान व वायव्य भारतातील कोरडे, खडकाळ डोंगर. पूर्ण वाढीची लांबी शेपटीसह सुमारे २० ते २५ सेंमी. आणि वजन बहुधा ५० ते ८० ग्रॅम असते. नीट सांभाळली तर ती १५ ते २० वर्षे जगते. आपल्या भिंतीवरची पाल हेमिडॅक्टिलस प्रजातीतील. तिच्या बोटांखाली चिकटून धरणाऱ्या पट्ट्या असतात आणि डोळ्यांना मिटणाऱ्या पापण्या नसतात. बिबट्या पालीचे नेमके उलट : पापण्या मिटतात, बोटांना नुसत्या नख्या, म्हणून उभी काच तिला चढवत नाही.

नाव व वर्गीकरण. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा अभिरक्षक एडवर्ड ब्लाइथ याने १८५४ मध्ये पंजाबातील मिठाच्या डोंगररांगेतील नमुन्यावरून या जातीचे वर्णन केले आणि तिला सिर्टोडॅक्टिलस प्रजातीत घातले. यूब्लिफॅरिस ही प्रजाती जॉन एडवर्ड ग्रे याने त्याआधीच, १८२७ मध्ये, पूर्व भारतातील जातीसाठी स्थापली होती. या नावातील ग्रीक पदांचा अर्थ ‘चांगली पापणी’ असा होतो. ‘मॅक्युलॅरिअस’ म्हणजे ठिपक्यांची.

पश्चिम भारतातील पाली कोणत्या जातीच्या, हा प्रश्न बराच काळ लोंबकळत राहिला. १९७४ मध्ये बर्नर यांनी त्यांना मॅक्युलॅरिअसची ‘फस्कस’ ही उपजात मानले आणि १९९७ मध्ये इंद्रनील दास यांनी तिला स्वतंत्र जातीचा दर्जा दिला. २०१४ मध्ये सातपुड्यातून यूब्लिफॅरिस सातपुराएन्सिस ही आणखी एक जात वर्णिली गेली. पाकिस्तान-अफगाणिस्तानातील पालींच्याही काही उपजाती सांगितल्या गेल्या, पण त्यांच्या सीमारेषांवर एकमत नाही. प्रस्तुत नोंदीत फस्कस ही स्वतंत्र जात धरली आहे आणि ‘बिबट्या पाल’ हे नाव मॅक्युलॅरिअसपुरते वापरले आहे. घरोघरी पाळल्या जाणाऱ्या पाली विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पकडून नेलेल्या, मुख्यतः पाकिस्तानी, पालींचे बंदिवासातले वंशज दिसतात. त्यांत उपजातींची सरमिसळ झालेली असल्याने पाळीव पालीला उपजातीचे नाव चिकटवण्यात अर्थ नाही.

उत्तर हिंदुस्थानात ‘बिसखोपरा’ या नावाने घोरपडीच्या पिलांना आणि कधीकधी या पालींनाही विषारी समजून मारतात. ‘बिस’ म्हणजे विष हे उघड आहे. ‘खोपरा’ची व्युत्पत्ती वादग्रस्त असून त्याचा संबंध कवटीशी जोडण्याकडे कल दिसतो. इंग्रजांनी हाच शब्द ‘बिस-कोब्रा’ असा ऐकला. यातला ‘कोब्रा’ मूळचा पोर्तुगीज, त्याचा अर्थ नुसता ‘साप’. गोव्यातल्या जुन्या पिढीला हे सांगावे लागत नाही. अशा रीतीने एका निरुपद्रवी सरड्याच्या नावात साप शिरला. बिबट्या पालीला विषग्रंथी नाहीत.

कायदेशीर बाजू. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील २०२२च्या दुरुस्तीने साइट्स या वन्य जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या परिशिष्टांतील विदेशी जिवंत प्राण्यांच्या नोंदणीची तरतूद आणली. बिबट्या पालीच्या मूळ प्रदेशाचा एक भाग भारतातच आहे आणि तिच्या सख्ख्या जाती महाराष्ट्र-गुजरातेत रानात राहतात. त्यामुळे ‘ही परदेशी आहे, काही अडचण नाही’ एवढ्या विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये. घेण्यापूर्वी वन खात्याकडे विचारणा करावी. सह्याद्रीतून पकडलेली पाल तर कोणीही घरी आणू नये.

गोव्यातील निवारा. या विषयावरचे बहुतेक लेखन थंड देशांत झाले असल्याने त्यात सारा भर उष्णतेवर असतो. गोव्यात ऊब जवळजवळ फुकट मिळते. लढावे लागते ते दमटपणाशी. वर्षाला सुमारे ३,००० मिमी. पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. चिऱ्याच्या भिंती पाझरतात, कपाटातल्या चपलांना बुरशी येते, आणि पालीला हवी असते ३० ते ४० टक्के आर्द्रता. तेवढी ती पावसाळ्यात खोलीत मिळणे नाही. म्हणून पाल ठेवायच्या काचेच्या टाकीला दोन बाजूंनी जाळी असावी, ती बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, आणि जूनपासून चवथीपर्यंत त्या खोलीत वाळत घातलेले कपडे नसावेत. पंखा चालू ठेवावा, पण झोत टाकीवर नको. काचेला आतून घाम दिसला की हवा खेळत नाही हे समजावे.

एका पालीला ९० × ४५ सेंमी. तळ उत्तम, ६० × ४५ सेंमी.हून कमी नको. दोन नर एकत्र ठेवल्यास एकमेकांना जखमी करतात. एका टोकाला तळाची उष्णता ३१ ते ३३ अंश से., दुसऱ्या टोकाला २५ च्या आसपास. पालीला पोटाखालची ऊब पचनासाठी लागते, म्हणून हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, गोव्यातही लागते. पण थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान-नियंत्रकाशिवाय, ती कधीही लावू नये. शिमग्यानंतर खोलीच ३३-३४ अंशांवर जाते, तेव्हा नियंत्रण नसलेली मॅट पोट भाजते. उलट सत्तरी-सांगेकडे जानेवारीच्या रात्री मॅट बंद पडली, तर पाल खाणे सोडते.

आसऱ्यासाठी महागड्या वस्तू लागत नाहीत. जुन्या छपरावरचा अर्धगोल नळा स्वच्छ घासून, उन्हात तापवून उपडा ठेवला की पाल दिवसभर त्याखाली झोपते. याशिवाय एक आसरा मात्र ओलसर हवा : झाकणाला भोक पाडलेला डबा, आत ओला कागद. दमट गोव्यात हा डबा कशाला, असे अनेकांना वाटते. कात सुटायला पालीला जवळची, दाट ओल लागते; साऱ्या टाकीतली ओल तिची जागा घेत नाही, ती फुप्फुसाला बाधते. डब्यातला कागद पावसाळ्यात दर दोन दिवसांनी बदलावा.

तळाला काय घालावे यावर दोन पक्ष आहेत. एक पक्ष सुटी माती-वाळू पोटात अडकते म्हणून ती वर्ज्य मानतो. दुसरा म्हणतो की निरोगी, उबदार पालीला ती बाधत नाही, अडकते ती आधीच कॅल्शियम कमी असलेल्या आणि म्हणून माती चाटणाऱ्या पालीला. दुसरे म्हणणे अधिक पटते. तरीही नवख्याने लादी किंवा कागदच वापरावा, कारण त्यावर विष्ठा स्पष्ट दिसते. किनाऱ्यावरची वाळू कोणत्याही पक्षाने सुचवलेली नाही : तीत मीठ आणि शिंपल्यांचे चुरे असतात.

आहार. जिवंत किडे : रातकिडे, डुबिया झुरळे, अधूनमधून मीलवर्म (एका भुंग्याच्या अळ्या). किडा पालीच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नसावा. पिलांना रोज, मोठ्यांना दोन-तीन दिवसांआड. देण्यापूर्वी २४ तास किड्यांना भाजी व कोंडा खाऊ घालावा आणि कॅल्शियमची पूड लावावी; काही वेळा ड जीवनसत्त्वयुक्त. घरातली झुरळे देऊ नयेत, त्यांनी फवारणीचे औषध खाल्लेले असू शकते. काजवे तर मुळीच नकोत. पावसाच्या तोंडावर ते बागेत लखलखतात आणि मुले हौसेने पकडून आणतात. काजव्यातील विषाने पाळीव सरडे मेल्याच्या नोंदी आहेत.

प्रजनन. मादी एका वेळी बहुधा २ अंडी घालते. लिंग उबवण्याच्या तापमानावर ठरते : सुमारे २६ अंशांना मुख्यतः माद्या, ३२.५ च्या आसपास बहुतांश नर, ३४ व त्यापुढे पुन्हा माद्या.

आजारांची ओळख. पाल दुखणे लपवते. ती ओरडत नाही, लंगडत नाही; बारीक होत जाते. म्हणून स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर दर आठवड्याला, ठरलेल्या वारी, वजन करून वहीत लिहावे. शेपूट हे तिचे चरबीचे कोठार : निरोगी पालीची शेपूट मानेइतकी जाड असते. वजनात दहा टक्के घट झाली की मनात पाल चुकचुकायला हवी.

कात टाकण्याआधी पाल पांढुरकी पडते, पिठात लोळवल्यासारखी. मग नाक दगडाला घासून कातडे फाडते, बोटांवरची कात दातांनी हातमोज्यासारखी ओढते आणि गिळून टाकते. दुसऱ्या दिवशी वीसही बोटे भिंगातून पाहावीत. बोटाच्या टोकाशी राहिलेले राखाडी कडे सुकत आवळत जाते, रक्त थांबते आणि बोट गळून पडते. कोमट पाण्यात पंधरा मिनिटे पाय बुडवून, कापसाच्या बोळ्याने हलके घासल्यास कात निघते. पापणीखाली अडकलेली कात घरी ओढू नये.

कॅल्शियम किंवा ड जीवनसत्त्व कमी पडल्यास हाडे मऊ होतात : जबडा रबरासारखा वाकतो, पुढचे पाय धनुकलीसारखे दिसतात, पाल पोट उचलून चालत नाही, बोटे थरथरतात. सुरुवातीला पकडल्यास सुधारते; वाकलेले हाड सरळ होत नाही. नाकाशी बुडबुडे, उघड्या तोंडाने श्वास, चिकट लाळ ही श्वसनसंसर्गाची खूण. गोव्यात ती आषाढ-श्रावणात विशेष पाहावी. हिरड्या सुजून पिवळा पू दिसणे हा तोंडाचा संसर्ग. पोट फुगलेली, सतत खणणारी पण अंडी न घालणारी मादी त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावी.

सर्वांत भयंकर दुखणे क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीचे. त्याचे नाव बरेच दिवस सॉरोफिलम असे दिले जाई. व्हॅरॅनाय हे आधीचे नाव असल्याने आता तेच अधिक ग्राह्य मानतात. खाल्लेले उलटते, विष्ठा पातळ होते आणि शेपूट काडीसारखी होते, म्हणून पाळणारे याला ‘स्टिक टेल’ म्हणतात. औषधाने रोग दबतो, खात्रीने जात नाही. घरातल्या ब्लीचने बीजुके मरत नाहीत. वाफ किंवा उकळते पाणी लागते. म्हणून नवी पाल ९० दिवस वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांनी ठेवावी आणि तिचे काम शेवटी करावे. विष्ठेच्या पीसीआर तपासणीने निदान होते.

काही दोष रंगाबरोबर विकत येतात. ‘एनिग्मा’ या रंगप्रकारात डोके वाकडे होणे, गोल गोल फिरणे, भक्ष्यावरचा नेम चुकणे हे जन्मजात असते. ‘लेमन फ्रॉस्ट’ प्रकारात चमकदार रंगपेशींच्याच गाठी होतात. २०२१च्या संशोधनाने त्याचा संबंध स्पिंट१ या जनुकाशी जोडला. असे रंग मागणे थांबवले तरच त्यांची पैदास थांबेल.

निरोगी दिसणाऱ्या पालीच्या विष्ठेतही साल्मोनेला हा माणसाला बाधणारा जिवाणू असू शकतो. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत घासू नयेत. पशुवैद्याकडे जाताना पाल हवेशीर डब्यात, टॉवेलात गुंडाळून न्यावी, आणि सोबत वजनाची वही, टाकीचा फोटो, दोन्ही टोकांच्या तापमानाचे आकडे व त्याच दिवसाची विष्ठा छोट्या स्वच्छ डबीत न्यावी.