कॉलेजचे गोल आणि ड्राफ्टचा क्रमांक: एक खुलासा

अमेरिकेतल्या मेजर लीग सॉकर या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या ड्राफ्टबद्दल, म्हणजे क्लब आळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात त्या पद्धतीबद्दल, एक समज वर्षानुवर्षं फिरतो आहे: कॉलेजात जो सर्वाधिक गोल करतो तोच सर्वोत्तम, आणि वरच्या क्रमांकाने निवडला गेला की करिअर पक्कं. हे खरं नाही.

ख्रिस वॉन्डोलोव्स्की घ्या. छोट्या चिको स्टेट कॉलेजचा हा फॉरवर्ड 2005 च्या पुरवणी ड्राफ्टमध्ये थेट 41 व्या क्रमांकावर गेला. पहिली काही वर्षं त्याला मैदानावर फारशी संधीही मिळाली नाही. 2010 मध्ये मात्र तो लीगचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला आणि 2021 मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर 171 गोल होते, म्हणजे लीगचा विक्रम!

कॉलेजचा खेळच वेगळा असतो. मुख्य हंगाम ऑगस्ट ते डिसेंबर एवढाच, सामने दाटीवाटीने, आणि बाहेर गेलेला खेळाडू ठरावीक मर्यादेत पुन्हा आत येऊ शकतो. ताज्या पायांनी थकलेल्या बचावफळीवर केलेले गोल आणि पूर्ण 90 मिनिटं दमून खेळताना केलेले गोल एकाच तराजूत कसे तोलणार? म्हणून आकड्यांआधी बघावं ते चेंडूशिवायचं धावणं, दबावाखालचा पहिला स्पर्श आणि प्रतिस्पर्ध्याचा दर्जा.

शिवाय सगळे गुणी खेळाडू ड्राफ्टमध्ये येतातच असं नाही. स्टॅनफर्डच्या जॉर्डन मॉरिसला सिएटलच्या क्लबने 2016 मध्ये 'होमग्रोन' (क्लबच्या स्वतःच्या युवा अकादमीतून आलेला खेळाडू) नियमाखाली ड्राफ्टविनाच करारबद्ध केलं.