बाणाची पिसं आणि त्यांचं सुटणारं टोक : मागचा इतिहास

आमच्या बेळगावात जून लागला की हवेत ओल भरती आणि घरी बाणाला पिसं चिकटवणाऱ्यांचं दुखणं सुरू होतं. पीस सुटतं ते कायम पुढच्या टोकाला, कारण हवा तिथंच आदळती. शिवाय साध्या लाकडी धनुष्यावर बाण सोडताना पीस हातावरून घासून जातं, त्यावेळी देठ उचललेला असला तर सरळ कातडीत घुसतो. हे एक टोक कसं धरून ठेवायचं यावर माणसं पाच हजार वर्षं डोकं लावायलेत, खरंच.

१९९१ मध्ये आल्प्समध्ये इटली-ऑस्ट्रिया सीमेजवळ बर्फात सापडलेला तो ओत्झी आठवत असेल, साधारण ५,३०० वर्षांपूर्वीचा. त्याच्या भात्यात १४ बाण होते पण पूर्ण झालेले दोनच, आणि त्या दोघांवर देठ उभा चिरून केलेली तीन-तीन अर्धी पिसं, बर्च झाडाच्या सालीपासून काढलेल्या डांबरात बसवलेली आणि वरून बारीक धाग्यानं गुंडाळलेली, धागा पिसाच्या तंतूंमधून वाट काढत मागंपर्यंत गेलेला. म्हणजे चिकट पण पाहिजे आणि दोरा पण, एकट्यावर भरवसा नाही.

आपल्याकडं महाभारतात गिधाडाच्या आणि कंक पक्ष्याच्या पिसांचे बाण आहेत, कर्नाटकातल्या वीरगळांवर धनुर्धारी कोरलेले दिसतात, पण खरी पिसं, सरस, तात (जनावराच्या आतड्याची दोरी) असलं काही आपल्या दमट हवेत टिकत नाही, म्हणून बारकावे बघायला युरोपातल्या बर्फात आणि चिखलात जावं लागतं. (आणि आता कुणी गिधाडाच्या पिसाच्या मागं लागू नका, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. टर्की नाहीतर पाळीव हंसाचं पीस वापरा.)

चिखलातलं उदाहरण म्हणजे मेरी रोझ, १५४५ मध्ये बुडालेलं आणि १९८२ मध्ये वर काढलेलं इंग्लंडचं लढाऊ जहाज. त्यावरच्या हजारो बाणांची पिसं गेली, पण दोऱ्याच्या वेढ्यांचे वळ आणि हिरवट चिकटा तसाच राहिला, त्यात मेण आणि तांब्याचा अंश आहे.

दोरा गुंडाळायची पद्धत सुटली ती अगदी अलीकडं. झटपट चिकटणारा ग्लू १९५८ मध्ये बाजारात आला, मग प्लास्टिकचे वेन, म्हणजे पिसाऐवजी लावायच्या पात्या, आले जे पावसात भिजून लोळत नाहीत, आणि जिग मिळायला लागलं, म्हणजे बाण फिरवून तीन पिसं बरोबर १२० अंशावर बसवणारा साचा. पण पक्ष्याचं पीस लावणार असाल तर एका बाणाला तिन्ही पिसं एकाच बाजूच्या पंखाची पाहिजेत, डाव्या आणि उजव्या पंखाचा बाक उलटा असतो, मिसळली तर बाण नीट फिरत नाही, हे कुठलंच जिग सांभाळून घेत नाही.

माझ्या मते घरी काम करणाऱ्यानं दोरा सोडूच नये. ग्लू वाळला की पुढच्या टोकाला बारीक रेशमी धाग्याचे आठ-दहा घट्ट वेढे द्यायचे, वर ग्लूचा एक थेंब. शहापूर-वडगावात विणकर आहेत, आपल्याला धाग्याची काय कमी? ऑलिम्पिकवाल्यांचे ते गोल वळलेले पातळ प्लास्टिकचे वेन असतात ना, ते डबल टेपवर चिकटवल्यावर पण दोन्ही टोकांना टेपचा वेढा देतातच.