डिलिव्हरीवाले महिन्याला पन्नास हजार कमावतात?

‘शिकून काय उपयोग, डिलिव्हरीवाला महिन्याला पन्नास हजार घेतो’ हा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय. तो खरा वाटतो, कारण सोबत अ‍ॅपच्या स्क्रीनचा फोटो असतो आणि त्यावरचा आकडा बहुधा खराही असतो. पण तो गल्ला आहे, हातात उरणारी रक्कम नव्हे.

साधा हिशोब मांडू. दिवसाला १२० किलोमीटर, गाडीचं अ‍ॅव्हरेज ४५, पेट्रोल लिटरला १०० रुपये धरलं, तर रोजचे साधारण २६७ रुपये झाले. २६ दिवसांचे जवळपास सात हजार. हे सगळं स्वतःच्या खिशातून. त्यावर ऑइल, टायर, ब्रेक, गाडीचा हप्ता, मोबाइलचा रिचार्ज. भर पावसात गाडी बंद पडली की त्या दिवसाची कमाई तर जातेच, वर मेकॅनिकचं बिल.

शिवाय बहुतेक ठिकाणी हा माणूस कामगार नसून ‘पार्टनर’ असतो. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही गिग कामगाराची, म्हणजे अशी सुटी कामं करणाऱ्याची, व्याख्या पारंपरिक मालक-नोकर नात्याबाहेरचीच आहे. त्यामुळे भरपगारी रजा नाही, नोकरीसारखी वार्षिक वाढ नाही. ऑर्डरमागचा दर बदलला की कमाई बदलते, आयडी बंद झाला की काम थांबतं. मला यातली ही टांगती तलवार सगळ्यात जास्त खुपते.

पडताळायचं असेल तर ओळखीच्या रायडरला, त्याची हरकत नसेल तर, तीन गोष्टी विचारा: आठवड्याची कमाई, लॉगिनचे तास, पेट्रोलचा खर्च. खर्च वजा करा, उरलेल्याला तासांनी भागा. हॉटेलच्या दारात ऑर्डरची वाट पाहण्यात गेलेला वेळही त्या तासांत धरा.